ट्रिप्सिनची पावडर उघडली की शिंका, त्यात फ्रीजर रात्रभर बंद… बाटली टाकून देऊ का?

पिपेटवाली_सोलापूर
नमस्कार सगळ्यांना. सोलापुरातल्याच एका कॉलेजात बायोटेकच्या लॅबला असिस्टंट म्हणून लागून चार महिने झालेत, कॉलेजचं नाव विचारू नका प्लीज. आमच्याकडे ट्रिप्सिनची (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) २५ ग्रॅमची बाटली आहे, पावडर, मायनस २० ला ठेवायची असं लेबलवर लिहिलंय. परवा रात्री लाइट गेली ती सकाळीच आली, आणि फ्रीजर काही जनरेटरवर नाही. दुसरं म्हणजे प्रॅक्टिकलच्या आधी मी ती वजन करायला घेते तेव्हा मला सटासट शिंका येतात, डोळे चुरचुरतात, आणि मागच्या आठवड्यापासून संध्याकाळी घरी गेल्यावर खोकला पण येतोय. सरांना सांगितलं तर म्हणाले अगं ट्रिप्सिन तर आपल्या पोटातच असतं, त्यानं काय होतंय, फार वाटत असेल तर लॅमिनारमध्ये, म्हणजे त्या गाळलेल्या हवेच्या कपाटापाशी, बसून वजन कर. तर पावडर खराब झाली का, आणि हे शिंकांचं काय, दोन्ही सांगा. बाटलीत आता बारीक गाठी पण दिसतायत.

सायझिंगवाला_एमआयडीसी
ताई मी लॅबचा माणूस नाही पण एन्झाइम बारा वर्षं हाताळलंय. टॉवेल-चादरीच्या धंद्यात ताण्याच्या सुताला स्टार्चची खळ देतात, आणि रंगवायच्या आधी ती खळ काढायला अमायलेज लागतं. मी ज्या प्रोसेसला होतो तिथं आधी पावडर यायची, पोरगं पोतं उचलून सरळ टाकीत उपडं करायचं, पांढरा धूर उठायचा आणि आम्ही बाहेर उभं राहून हसायचो की बघ बे पीठ लावून आलाय. सहा-आठ महिन्यांनी तेच पोरगं रात्री दम लागतोय म्हणून दवाखान्यात. गंमत म्हणजे रविवारी सुट्टीला बरा, गड्ड्याच्या जत्रेला चार दिवस रजा टाकली तर एकदम ठणठणीत, कामावर आला की पुन्हा सुरू. मालकाला वाटायचं नाटक करतोय. नंतर लिक्विड एन्झाइम आणायला लागलो, ते उडत नाही. त्या पोराला मात्र त्या खात्यात परत कधी उभं राहता आलं नाही, रिकाम्या पोत्याजवळून गेला तरी छाती भरायची. तुमचा संध्याकाळचा खोकला वाचला आणि तेच आठवलं.

क्यूसीतली_आक्का
अगं वरचे दादा अगदी बरोबर सांगतायत, त्यांचं सोडू नकोस. ‘पोटात असतं’ हे खरं आहे पण पोटात असतं, फुफ्फुसात नाही ना! एन्झाइमची पावडर श्वासात गेली की शरीर तिच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवायला लागतं, सुरुवातीला काहीच कळत नाही, आणि एकदा का अ‍ॅलर्जी बसली की मग चिमूटभरही पुरते. ब्रिटनमध्ये कपडे धुण्याच्या पावडरीत प्रोटिएज (ट्रिप्सिनसारखंच प्रथिनं तोडणारं एन्झाइम) घालायला लागले तेव्हा कारखान्यातल्या कामगारांना दमा झाला, १९६९ मध्ये लॅन्सेटमध्ये डॉक्टरांनी ते लिहिलं, त्यानंतरच कंपन्या एन्झाइमच्या दाण्यांना वरून लेप द्यायला लागल्या. सब्टिलिसिन म्हणून जे प्रोटिएज आहे त्याची हवेतली मर्यादा एका घनमीटरला ६० नॅनोग्रॅम धरतात. साध्या धुळीचा हिशोब मिलिग्रॅममध्ये असतो, आणि नॅनोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा १० लाखावा भाग. तुझ्या बाटलीबरोबरच्या एसडीएसमध्ये (सुरक्षेच्या माहितीचा कागद) एच ३३४ हा धोक्याचा कोड शोध, श्वासातून गेल्यास दमा किंवा अ‍ॅलर्जी होऊ शकते असा त्याचा अर्थ आहे. तो कागद प्रिंट करून सरांच्या टेबलावर ठेव, वाद घालत बसू नकोस.

आणि लॅमिनारमध्ये बसू नकोस गं!! आडव्या लॅमिनारची हवा फिल्टरमधून येऊन थेट तुझ्या तोंडावर येते, ते मशीन तुझं सॅम्पल जपायला आहे, तुला नाही. पावडरीला फ्यूम हूड, म्हणजे हवा आत ओढून बाहेर सोडणारं कपाट.

खोकल्यासाठी छातीच्या डॉक्टरांकडे जा, आणि जाताना ‘कामाच्या ठिकाणी एन्झाइमची पावडर हाताळते’ हे तोंडानं सांग, नाहीतर ते सोलापूरची धूळ म्हणून सोडून देतील. तोवर ती बाटली तू उघडायचीच नाहीस.

जुगाडू_पंत
एवढं काय घाबरवताय तिला, रुमाल बांधायचा आणि करायचं. आम्ही पपेन (पपईतलं एन्झाइम) घरच्या फ्रीजमध्ये लोणच्याशेजारी ठेवून एमएस्सी केली, अजून जिवंत आहे की.

क्यूसीतली_आक्का
पंत, रुमालातून बारीक पावडर आरपार जाते, सर्जिकल मास्कचंही तसंच, निदान एन ९५ तरी नीट चेहऱ्याला बसलेला पाहिजे. आणि लोणचं कोणी खाल्लं ते सांगा आधी.

फ्रीजरदादा
आता बाटलीचं बोलतो, तिचं कोणीच बोलेना. एक रात्र लाइट गेली म्हणून कोरडी पावडर मरत नाही, बंद बाटलीतलं सुकं ट्रिप्सिन दोन-चार दिवस साधं तापमान सहन करतं. द्रावण असतं तर गोष्ट वेगळी, ट्रिप्सिन द्रावणात स्वतःलाच खातं, म्हणून ते १ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवून, छोटे छोटे भाग करून गोठवतात. तुमच्या गाठी लाइटमुळे नाहीत, त्या पाण्यामुळे आहेत. थंड बाटली काढली आणि लगेच झाकण उघडलं की नाही? पावसाळ्यात स्टीलच्या तांब्यात गार पाणी ओतल्यावर बाहेरून कसा घाम येतो, तसाच घाम पावडरीवर येतो. बाटली काढायची, झाकण बंद ठेवून तास-दीड तास टेबलावर सोडायची, हाताला गार लागेनाशी झाली की मगच उघडायची. बाटली डब्यात, डब्यात सिलिका जेल. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर असेल तर तो मधूनमधून स्वतःच गरम होऊन बर्फ काढतो, त्यात ठेवू नका.

वजनाची युक्ती सांगतो, ज्यानं कोणी करेल त्याला द्या. १० मिलिग्रॅम हवे म्हणून काट्यावर चमच्यानं टकटक करत बसायचं नाही. झाकणाची रिकामी ट्यूब आधी तोलायची, हूडमध्ये अंदाजे पावडर घालायची, झाकण लावायचं, पुन्हा तोलायचं. १२.४ आली तर १२.४ च्या हिशोबानं बफर घालायचा, पावडर कमी-जास्त करायची नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं हवा इतकी कोरडी की स्टॅटिकनं पावडर चमच्यावरून उडी मारते, आणि वर पंखा चालू असेल तर विचारूच नका. सांडली तर झाडू नको, फुंकर तर नकोच, ओला टिश्यू टाकून टिपून घ्यायचं.

टाकायच्या आधी टेस्ट करून बघा. स्किम्ड मिल्क पावडरचं पातळ पाणी, त्यात ट्रिप्सिनचं द्रावण, ३७ डिग्रीला. दुधाचं पांढरेपण जाऊन आरपार दिसायला किती मिनिटं लागली ते मोजा, शेजारी एन्झाइम न घातलेली ट्यूब ठेवा. मे महिन्यात वॉटर बाथचीही गरज नाही, आपला नळ आहेच.

पिपेटवाली_सोलापूर
सगळ्यांचे आभार. कागद ठेवला टेबलावर, सर दहा मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले वजन मी करतो, आणि एन ९५ चा बॉक्स मागवला. हूडमध्ये जुन्या रीएजंटच्या बाटल्या भरल्या होत्या त्या काढायला अख्खी दुपार गेली. डॉक्टरांनी फुंकायची टेस्ट केली, पंधरा दिवसांनी परत बोलावलंय, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी दोन्ही वेळा फुंकून लिहून ठेवायला एक छोटं मीटर दिलंय.

दूध साफ झालं, पण पहिल्या महिन्यात चार मिनिटांत व्हायचं ते आता अकरा मिनिटं. म्हणजे मीच घाम आणला तिला. दादा, ते सिलिका जेल निळंवालं घेऊ का?

फ्रीजरदादा
निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी, म्हणून नारिंगी मागा. रंग बदलला की ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येतं. आणि पुढच्या वेळी २५ ग्रॅम कशाला मागवता, १ ग्रॅमच्या बाटल्या घ्या की ओ.