'जिंगोइस्टिक' गाण्याला मराठीत काय म्हणावं?

अनुवादक
'बीटल्स'वाल्या पॉल मॅकार्टनीच्या 'फ्रीडम' या गाण्यावरचा एक लेख मराठीत आणतोय. ११ सप्टेंबर २००१च्या अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर लगेच लिहिलेलं, फार कुणाला न आवडलेलं गाणं. लेखात त्याला 'जिंगोइस्टिक' म्हटलंय. 'देशभक्तिपर' लिहिलं तर त्यातली टीकाच गळून जाते, आणि 'युद्धखोर' फार जहाल होतं. दुसरं म्हणजे, हे गाणं 'पडलं' म्हणायचं की 'फसलं'?

टिपकागद
'युद्धखोर' नकोच. '-खोर' लागतो तो खोड असणाऱ्याला: भांडखोर, लाचखोर, चहाडखोर. माणूस किंवा सरकार युद्धखोर असतं. गाण्याला कसली खोड?

मुळात 'जिंगो' हा शब्द जन्मलाच एका गाण्यातून. रशिया-तुर्कस्तान युद्धाच्या काळात, १८७८च्या सुमारास, लंडनच्या म्युझिक हॉलमध्ये जी. एच. मॅकडरमॉट हे गायक जी. डब्ल्यू. हंट यांचं एक गाणं गाजवत होते. आशय असा, की आम्हाला लढायची हौस नाही, पण वेळ आलीच तर जहाजं, माणसं, पैसा, सगळं तयार आहे. त्यात 'बाय जिंगो' येतं, आपल्या 'देवाशपथ'सारखं. पुढे युद्धासाठी हातघाईवर आलेल्यांनाच 'जिंगो' नाव पडलं. म्हणजे शब्दाच्या पोटात दोन गोष्टी आहेत: समोर शत्रू, आणि स्वतःच्या ताकदीची बढाई. यासाठी नाम हवं असेल तर 'युद्धज्वर' चपखल आहे, विशेषण हवं असेल तर 'आक्रमक देशाभिमानाचं'. 'अतिराष्ट्रवादी' अग्रलेखात शोभतो, गाण्याला चिकटत नाही.

आता हे गाणं तपासा. शत्रूचं नाव नाही, शस्त्र नाही, अमेरिकेचंही नाव नाही. स्वातंत्र्य हा देवदत्त हक्क आहे, तो हिरावू पाहणाऱ्याला जाब द्यावा लागेल, आणि त्यासाठी आम्ही लढू, एवढंच. शिवाय गाणारा इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. 'देशभक्तिपर' म्हटलं तर कुठल्या देशाची भक्ती? मी 'स्फूर्तिगीत' लिहीन, आणि टीकाकाराच्या तोंडी 'युद्धज्वराला खतपाणी घालणारं' असं म्हणेन.

मात्रावृत्त
शत्रू नाही हे खरं, पण अडतं ते 'लढू'पाशी. मराठीत 'लढा' आणि 'लढाई' वेगळे. हक्कासाठी लढा, सीमेवर लढाई. इंग्रजीत दोन्हीला एकच 'फाइट'. मॅकार्टनीला लढा अभिप्रेत होता असं त्याच्या नंतरच्या बोलण्यावरून दिसतं, लोकांना ऐकू आली लढाई.

त्याला तारखाही कारण आहेत. हल्ल्याच्या दिवशी तो न्यूयॉर्कच्या विमानतळावर विमानात बसलेला होता, तिथूनच त्याने धूर पाहिला. गाणं झालं ते त्या धक्क्यात. सप्टेंबरअखेरीस अमेरिकेने आपल्या लष्करी मोहिमेचं 'इन्फिनिट जस्टिस' हे नाव बदललं, कारण अनंत न्याय फक्त अल्लाहच करू शकतो असा आक्षेप आला होता. नवं नाव ठेवलं 'एन्ड्युअरिंग फ्रीडम'. ७ ऑक्टोबरला अफगाणिस्तानवर बाँबफेक सुरू झाली. आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन सभागृहात, हल्ल्याच्या निमित्ताने झालेल्या मदतनिधी मैफलीत, मॅकार्टनीने हे गाणं म्हटलं २० ऑक्टोबरला! ज्या शब्दावर सगळं ध्रुवपद उभं, तोच शब्द तेव्हा मोहिमेच्या पाटीवर होता. अशा वेळी 'स्वातंत्र्यासाठी लढू' हे कुणी सत्याग्रहाच्या अर्थाने घेणार नाही.

म्हणून अनुवादात ध्रुवपदाचा आशय सांगताना 'लढा देऊ' करू नका, तो अर्थ आधीच धुऊन काढल्यासारखा होईल. 'लढू'च ठेवा. क्रियापदात दोन्ही अर्थ मावतात, आणि गोंधळ नेमका तिथेच झाला.

शुद्धलेखक
मध्येच एक. 'देशभक्तिपर', 'स्फूर्तिगीत', 'मुक्तिगीत' यांत 'ति' ऱ्हस्व: तत्सम ऱ्हस्व इकारान्त शब्द समासात पहिला आला की ऱ्हस्वच राहतो. सुटा लिहिताना दीर्घ: 'देशभक्तीचं गाणं'. 'देशभक्तीपर' सर्रास दिसतं, पण चूक आहे.

पडद्यामागे
'पडलं' म्हणजे धंद्याने पडलं. नाटक पडतं, पिक्चर पडतो. 'फसलं' म्हणजे जे साधायचं ते साधलं नाही. इथे दोन्ही आहे, पण जागा वेगवेगळ्या.

सभागृहात ते पडलं नाही. समोर अग्निशामक दलाचे जवान, पोलीस, त्यांची कुटुंबं होती. लोकांनी साथ दिली. मॅकार्टनीचे वडील दुसऱ्या महायुद्धात लिव्हरपूलमध्ये आगी विझवायच्या कामावर होते, तेव्हा त्या श्रोत्यांपुढे गाणं हा नुसता उपचारही नव्हता. सिंगल, म्हणजे सुटं विकायला काढलेलं गाणं, मात्र पडलं: अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या 'हॉट हंड्रेड' या लोकप्रियतेच्या यादीत फार तर ९७व्या क्रमांकापर्यंत गेलं. फसलं ते शब्दरचनेत. एकच घोषणा पुन्हापुन्हा, आणि मेलेल्या माणसांचा उल्लेखही नाही. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा २००२चा 'द रायझिंग' हा याच हल्ल्यानंतरचा अल्बम उलट गेला: तिथे जिन्याने वर चढणारा अग्निशामक आहे, घरात उरलेली रिकामी जागा आहे. तो 'विलापिके'च्या जवळ जातो, त्याला 'स्फूर्तिगीत' म्हणता येणार नाही.

आणखी एक खड्डा. मॅकार्टनीच्या 'ड्रायव्हिंग रेन' या अल्बममध्ये हे गाणं अगदी शेवटच्या क्षणी घातलं, तोवर वेष्टन छापून झालं होतं, म्हणून यादीत त्याचं नाव नाही. अशा 'हिडन ट्रॅक'ला 'गुप्त गाणं' करू नका, हेरगिरी वाटते. 'यादीत नसलेलं गाणं' पुरे.

अनुवादक
पटलं. 'लढू' ठेवतो. अजून एक अडलंय. गाण्याचा अर्थ 'हायजॅक' झाला, त्याला लष्करी रंग चढला, असं मॅकार्टनी पुढे म्हणाला आणि मैफलींतून ते वगळलं. 'अर्थाचं अपहरण झालं' चालेल?

मात्रावृत्त
ज्या हल्ल्यात विमानांचं अपहरण झालं त्याच्याच लेखात हा शब्द दोनदा दोन अर्थांनी येईल, वाचक अडखळेल. त्याने मूळ इंग्रजीत तोच वापरला हे खरं, पण मराठीत 'अर्थ बळकावला' जास्त बरं. जागा बळकावतात तसं: मालक जिवंत, कागद त्याच्या नावावर, राहतो भलताच.

टिपकागद
'बळकावला'ला माझंही मत. फक्त वाक्याला कर्ता द्या. 'अर्थ बळकावला गेला' नको, 'सरकारने' लिहा. तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष बुश ही कल्पना सारखी वापरत होते, हीच त्याची तक्रार होती. आणि २००२च्या फेब्रुवारीत सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याआधी त्याने हे गाणं म्हटलं होतं, तेव्हा 'वगळलं'च्या आधी 'नंतर' हवं.