फुल्यांचा ‘निर्मीक’ आणि डीइझमचा देव: पुस्तकातच तपासायचं तर कसं?

वाचनकट्टा

अभ्यासमंडळात पुढच्या महिन्यात जोतीराव फुल्यांचं ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ घेतोय. दोन-दोन तासांच्या दोन बैठका आहेत. तयारी करताना एक वाक्य सारखं समोर येतं: फुल्यांनी अठराव्या शतकातला इंग्रज-अमेरिकन विचारवंत थॉमस पेन वाचला होता, म्हणून त्यांचा ‘निर्मीक’ (निर्माणकर्त्यासाठीचा त्यांचा शब्द) म्हणजे डीइझमचा देव. एवढ्यावर विषय मिटवायचा नाहीये.

डीइझम नेमकं कशाला म्हणायचं? एकच निर्माता मानणारा आणि पोथी-पुरोहित नाकारणारा प्रत्येक जण डीइस्ट ठरतो का? आणि निर्मीक त्यात बसतो की नाही हे पाहायचं तर पुस्तकातली कुठली प्रकरणं उघडायची, त्यात काय शोधायचं? मतं भरपूर मिळतात, तपासायची रीत कुणी सांगत नाही.

तर्कबोली

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

डीइस्टाला त्याच्या देवावरून ओळखायला गेलात तर फसाल. एकच देव मुसलमान मानतात, ज्यू मानतात, प्रार्थना समाजही मानतो. डीइस्ट ओळखायचा पुराव्याच्या नियमावरून. तो नियम असा: देवाबद्दल तेवढंच मानायचं, जे कुठल्याही देशातल्या, कुठल्याही काळातल्या माणसाला सृष्टी पाहून आणि डोकं चालवून कळू शकतं. एका माणसाला, एका डोंगरावर, एका रात्री कळलेलं त्यात धरत नाहीत.

पेनने १७९४ च्या ‘एज ऑफ रीझन’मध्ये हे फार स्वच्छ मांडलंय. समजा देव एखाद्याशी बोलला. ज्याच्याशी बोलला त्याच्यासाठी तो साक्षात्कार. त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, की तिथून पुढे ती ऐकीव गोष्ट झाली. पहिल्या माणसाने ती मानणं समजू शकतं, बाकीच्यांवर ते बंधन नाही. इथे थांबून वाचा, कारण घाईत वाचणारे हमखास चुकतात. साक्षात्कार अशक्य आहे असं पेन म्हणतच नाही. तो साक्षीचा मुद्दा काढतो, आणि म्हणून त्याचा युक्तिवाद खोडायला जड जातो.

मग ग्रंथाच्या जागी काय? सृष्टी. त्याचं त्रिकोणाचं उदाहरण मंडळात फळ्यावर काढून दाखवा. माणूस त्रिकोण काढतो, पण त्रिकोणाचे नियम काही तो घडवत नाही. रेघ ओढायच्या आधीही ते होतेच. त्याच नियमांच्या जोरावर ग्रहणाचं गणित जमतं. म्हणून पेनच्या लेखी भूमिती आणि खगोल शिकणं हाच देवाचा खरा अभ्यास.

हे पेनपासून सुरू झालं नाही. चेरबरीच्या लॉर्ड हर्बर्ट या इंग्रज विचारवंताने १६२४ मध्ये पॅरिसला छापलेल्या लॅटिन ग्रंथात सर्व धर्मांना समान अशी पाच सूत्रं दिली: परमेश्वर आहे; त्याची उपासना करावी; सदाचार हा उपासनेचा मुख्य भाग; चुकांचा पश्चात्ताप करावा; बऱ्यावाईटाचं फळ इथे आणि मरणानंतर मिळतं. पुढे टोलंड या डीइस्ट लेखकाचं पुस्तक १६९६ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी आयर्लंडच्या पार्लमेंटच्या हुकमाने डब्लिनमध्ये फाशी देणाऱ्याच्या हातून जाळलं गेलं. टिंडल या दुसऱ्या डीइस्टाचं पुस्तक १७३० चं. एवढी नावं पुरेत.

हर्बर्टची पाच सूत्रं मात्र कागदावर लिहून सगळ्यांना द्या. त्यात उपासनाही आहे आणि मरणोत्तर फळही. पेनलाही मरणानंतरच्या सुखाची आशा होती. ‘घड्याळाला चावी देऊन देव निघून गेला’ ही डीइझमची सरसकट व्याख्या म्हणून चालत नाही, ती त्यातली एक टोकाची फांदी आहे.

घड्याळावरून एक दुरुस्तीही करतो. माळरानावर सापडलेल्या घड्याळाचा प्रसिद्ध दृष्टान्त १८०२ मध्ये पॅलीने दिला. तो चर्चचा धर्माधिकारी होता आणि चमत्कार मानणारा होता, डीइस्ट नव्हता. आइन्स्टाइनलाही डीइस्टांच्या यादीत घालू नका. त्याने स्पिनोझा या तत्त्वज्ञाच्या देवाचा हवाला दिला, म्हणजे सृष्टी आणि देव एकच. डीइझममध्ये निर्माता सृष्टीहून वेगळा असतो. आणि तरुणपणी डीइस्ट झालेल्या बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन नेत्यानेच १७८७ मध्ये, एक्क्याऐंशीव्या वर्षी, अमेरिकेची राज्यघटना ठरवणाऱ्या फिलाडेल्फियाच्या परिषदेत रोज प्रार्थनेने सुरुवात करावी असा प्रस्ताव मांडला होता. माणसावर शिक्का मारण्याऐवजी त्याच्या त्या-त्या मजकुराकडे पाहिलेलं बरं.

सोनचाफा

आता निर्मीकाकडे.

आधी एक गोष्ट मनात ठेवा. फुल्यांना १८८८ मध्ये पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, आणि हे पुस्तक त्यांनी डाव्या हाताने लिहिलं. छापून आलं १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. रचना प्रश्नोत्तरांची आहे: सुख, धर्मपुस्तक, निर्माणकर्ता, पूजा, नामस्मरण, अनुष्ठान, स्वर्ग, पाप, पुण्य, जातिभेद, नीती, तर्क, दैव, आकाशातील ग्रह, पुढे जन्म, लग्न, मयत. एकच मुद्दा तीन ठिकाणी भेटतो. म्हणून एखादं वाक्य उचलून निकाल देऊ नका.

तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. जिथे निर्मीकाबद्दलचं विधान सृष्टीवरून काढलंय तिथे हिरवी. जिथे ग्रंथ, मध्यस्थ, कर्मकांड नाकारलंय तिथे लाल. आणि जिथे निर्मीक आज, आत्ता काही करतो, देतो, रागावतो, कृपा करतो असं दिसतं तिथे निळी. बैठकीआधी प्रत्येकाने पूजा, नामस्मरण, दैव आणि आकाशातील ग्रह एवढ्या चार प्रकरणांवर तरी हे करून यावं.

हिरवं आणि लाल भरपूर मिळेल. सुरुवातीलाच अफाट पोकळीतली अनंत सूर्यमंडळं आणि त्यांचे ग्रहोपग्रह येतात. पेनही असंख्य जगांवरून असाच बोलतो. फुलं निर्मीकाने माणसांच्या उपयोगासाठी घडवली, तीच परत त्याला काय वाहायची, हा पूजेच्या प्रकरणातला विचार आहे. ग्रहांच्या प्रकरणात ज्योतिषाला जागा नाही. धर्मपुस्तकांबद्दल फुल्यांचा मुद्दा पेनच्या जवळ जातो: सर्व मानवांसाठीचं पुस्तक एकाच भाषेत, मूठभरांच्या ताब्यात कसं असेल?

खरी मेहनत निळ्या पेन्सिलीची आहे. फुल्यांच्या अखंडात (अभंगासारख्या पद्यरचनेत) निर्मीक सर्वांचा ‘धनी’ आहे आणि त्याचं भय मनात धरायचं आहे. धनी हा शब्द नीट पाहा. धनी म्हणजे मालक, ज्याच्यापुढे जाब द्यावा लागतो. चावी देऊन निघून गेलेल्या कारागिराला कुणी धनी म्हणणार नाही. इंग्रजांचं राज्य येणं ही देवाची कृपा, अशा अर्थाची विधानंही फुल्यांच्या इतर लेखनात आहेत. हे इतिहासात हात घालणाऱ्या देवाचं बोलणं झालं.

माझं मत सांगायचं तर पुराव्याच्या नियमात फुले डीइस्ट आहेत, देवाच्या स्वभावात नाहीत. त्यांचा निर्मीक न्याय मागतो.

पेनचा दुवा शोधायचा तर ‘एज ऑफ रीझन’कडे लगेच धावू नका. फुल्यांच्या संदर्भात ज्याचा उल्लेख सर्वत्र होतो ते पेनचं पुस्तक ‘राइट्स ऑफ मॅन’, १७९१-९२ चं, राजकारणावरचं. त्याच्या पहिल्या भागात पेन म्हणतो, हक्कांचं मूळ शोधायला शेपाचशे वर्षं मागे जाऊन थांबू नका, थेट माणसाच्या उत्पत्तीपर्यंत जा. तिथे सगळे समान आहेत. आता याच पुस्तकातली, ‘सत्यवर्तन’ कुणाला म्हणावं याची फुल्यांची ३३ कलमं उघडा. निर्मात्याने स्त्री-पुरुषांना जन्मतः स्वतंत्र आणि हक्कांचे धनी केलंय, म्हणून कुणी कुणावर जबरी करू नये. युक्तिवादाची चाल तीच आहे. पण फुले स्त्रियांचं नाव घेऊन बोलतात, जातीचं नाव घेऊन बोलतात. एका बाजूला पेनचा तो उतारा आणि दुसऱ्या बाजूला पहिली पाच-सहा कलमं, असा एकच कागद काढा. दुसरी बैठक त्यावरच जाईल.

खडूफळा

वरचं सगळं मान्य, पण डीइझम कुठे गळतो तेही मंडळासमोर आलं पाहिजे. नाहीतर ‘विवेकी धर्म’ म्हणून कौतुक होईल आणि बैठक संपेल.

पहिली गळती ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने दाखवली. धर्मावरचे त्याचे संवाद मृत्यूनंतर, १७७९ मध्ये छापले गेले. घर पाहून गवंडी असणार असं आपण म्हणतो, कारण घरं बांधताना पाहिलेली असतात. विश्व तयार होताना कुणी पाहिलं? आणि तुलना ओढायचीच तर पूर्ण ओढा: घर बरेच गवंडी मिळून बांधतात, काही घरं कच्ची निघतात, काही गवंडी घर उभं राहिल्यावर मरून जातात. एकच, परिपूर्ण, आजही हयात असलेला निर्माता या युक्तिवादातून निघत नाही. तो आधीच मनात असतो.

दुसरी गळती डार्विनच्या उत्क्रांतीवरच्या पुस्तकाची, १८५९. डोळा, पंख, फुलाची रचना ही निर्मात्याची थेट खूण म्हणून दाखवण्याची सोय गेली. इथे एक फरक करा. जीवसृष्टीवर उभा असलेला युक्तिवाद कोसळला. निसर्गात नियम मुळात का आहेत, हा प्रश्न त्याने सुटला नाही. पेनचा त्रिकोण दुसऱ्या बाजूला पडतो, पॅलीचं घड्याळ पहिल्या. दोन्ही एकत्र करून मांडलं की चर्चा भरकटते.

तिसरी अडचण तर्काची नाही, माणसाच्या दुःखाची आहे. १ नोव्हेंबर १७५५, पोर्तुगालची राजधानी लिस्बन. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं भरलेली, आणि भूकंप. मागोमाग समुद्राच्या लाटा आणि आग. फ्रेंच लेखक व्हॉल्टेअर देव मानत होता, चर्चचा दावा मानत नव्हता. ‘जे आहे ते सगळं चांगल्यासाठीच’ या विचारावर त्याने कवितेतून घाव घातला. रूसो या दुसऱ्या विचारवंताने १७५६ मध्ये त्याला उत्तर लिहिलं: सहा-सात मजली वीस हजार घरं तिथे दाटीवाटीने निसर्गाने उभी केली नव्हती. हे उत्तर आजही कामाचं आहे, पण ज्याचं मूल ढिगाऱ्याखाली गेलं त्याला ते पुरत नाही. डीइस्ट देवाला भूकंपाच्या आरोपातून सोडवतो, आणि त्याच निकालाने सांत्वन करण्याच्या कामावरूनही काढून टाकतो.

वाचनकट्टा

तिघांचेही आभार, पेन्सिलींची कल्पना नक्की वापरतो. दोन शंका राहिल्यात. डीइस्ट लोकांनी जुना धर्मग्रंथ पुरता टाकून दिला का? आणि एवढा विचार असूनही डीइझमचे आज संप्रदाय, मठ, मंडळं असं काही दिसत नाही, ते का?

तर्कबोली

पहिल्या शंकेला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या जेफरसनची वही हे सर्वांत चांगलं उत्तर. त्याने नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या भागाची, पानं धारदार पात्याने कापली, येशूची शिकवण आणि जीवनक्रम ठेवला, चमत्कार सोडले, आणि कात्रणं कोऱ्या पानांवर चिकटवली. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी, चारही भाषांतले तेच उतारे शेजारी-शेजारी. यासाठी सहा छापील प्रती लागल्या: दोन इंग्रजी, दोन फ्रेंच, दोन ग्रीक-लॅटिन. प्रत्येकी दोन का? कारण पानाच्या दोन्ही बाजूंना मजकूर असतो. एका बाजूचं वचन कापून चिकटवलं की पाठची वचनं गेलीच. ती दुसऱ्या प्रतीतून काढायची. काम १८२० च्या सुमारास पुरं झालं. शेवट कबरीच्या तोंडावर धोंड लोटली जाते तिथे होतो. पुनरुत्थान नाही.

पद्धत म्हणून याच्यात एक मोठा दोष आहे. काय खरं हे कापणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं, मग उरलेला येशू जेफरसनसारखाच बोलतो. फुल्यांनी ही वाट धरली नाही. त्यांनी जुनं कापून-जोडून घेण्याऐवजी नवं पुस्तक लिहिलं.

सोनचाफा

दुसऱ्या शंकेचं उत्तर लग्न आणि मयत या दोन शब्दांत आहे.

प्रयत्न झाले होते. पॅरिसमध्ये १७९७ ला डीइस्ट विचारांची एक उपासना-मंडळी सुरू झाली. पेनने तिथे भाषण केलं, विज्ञान हेच धर्मशिक्षण म्हणून शिकवा असं सांगितलं. १८०१ मध्ये नेपोलियनच्या राजवटीने त्यांच्या सार्वजनिक जागा काढून घेतल्या आणि ती विरली. सरकारी दडपण हे एक कारण. पण ‘सृष्टी पाहा आणि नीतीने वागा’ एवढ्यावर घरातला जन्म, लग्न, मरण पार पडत नाही. त्या तीन वेळी माणूस जुन्या पुरोहिताकडेच परत जातो.

फुल्यांनी हे फार नेमकं ओळखलं. २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, भटजीविना. सत्यधर्माच्या पुस्तकात जन्म, लग्न, मयत ही प्रकरणं शेवटाकडे आहेत म्हणून वाचणारे ती गाळतात. कृपा करून गाळू नका. डीइझम जिथे अडला तिथून पुढचं काम त्याच पानांवर आहे.

वेळ कमी पडला तर हर्बर्ट-टोलंडचा इतिहास सोडा, पॅलीही सोडा. फुल्यांची मंगलाष्टकं मात्र मोठ्याने वाचा, दोन आवाजांत. वधू बायकांच्या हक्कांचं विचारते आणि वर सगळ्यांदेखत ते देण्याचं वचन देतो. एकाच माणसाने सलग वाचलं तर हे सवालजबाब कानावर येतच नाहीत.