पावसाळी घाट आणि सायकल : आपापले अनुभव लिहावेत

घाटमाथा
वाईकडे उतरलेले ढग आज पाहिले आणि पुणे ते महाबळेश्वर ही जुनी सायकलफेरी आठवली. सुमारे १२० किलोमीटरच्या त्या वाटेवर कात्रज, खंबाटकी आणि पसरणी हे घाट लागतात. खंबाटकी चढताना पाठीवर लख्ख ऊन होते, वाईत कृष्णेच्या घाटावर थांबलो तेव्हा भुरभुर सुरू झाली, पसरणीच्या मध्यावर धुके असे दाटले की पुढच्या सायकलचा लाल दिवा तेवढा दिसत होता, आणि पाचगणीनंतर पावसाने जी झोड उठवली ती बाजारपेठ गाठेपर्यंत थांबली नाही. गाडीत बसून हे सारे काचेपलीकडेच राहते. आपण असा दिवस कोणत्या घाटात अनुभवला, ते अवश्य लिहावे.

पायडल
पसरणीचे वर्णन वाचून पोटऱ्या दुखू लागल्या! समुद्रावरून आलेले बाष्पाचे वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावरच रिते होतात. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेला जवळच असलेल्या वाईच्या वाट्याला त्याचा लहानसा हिस्सा येतो. सायकलवर हा सगळा फरक काही तासांत अंगावरून जातो.

मुळशीकर
आमचा ताम्हिणी. पौड सोडले की मुळशीच्या जलाशयाकडून वारा समोरून येतो आणि सपाट रस्ताही चढासारखा वाटतो. मात्र मला खरा कस विळ्याकडच्या उतारावर लागतो असे वाटते, कारण चढताना घामाने भिजलेले अंग तिथे पायडल न मारता वाऱ्यात गारठते आणि बोटे ब्रेकवर वळेनाशी होतात. उतरण्यापूर्वी छातीवर, जर्किनच्या आत, वर्तमानपत्राची घडी ठेवावी, वारा अडतो. रिमला धरणारे रबरी ब्रेक पावसात लगेच पकडत नाहीत, आधी पाणी पुसले जावे लागते, त्यामुळे वळणाच्या बऱ्याच आधीपासून ते हलके दाबून ठेवावेत.

रानवाट
मुळशीकर, वर्तमानपत्राची युक्ती फार मोलाची आहे. भोरहून वरंध घाटाकडे जाताना नीरा देवघरच्या काठी आम्हांला पावसाने गाठले, तेव्हा इरले पांघरून भातलावणी करणाऱ्या एका आजींनी हाक मारून पडवीत बसवले आणि चुलीवरचा गवती चहा दिला. "सायकलीवर कशाला गं निघालीस एवढ्या पावसात?" असे त्या पुनःपुन्हा विचारत होत्या आणि त्या काळजीने मन भरून आले.

पायडल
रानवाटताई, वरंध घाट दरडींमुळे पावसाळ्यात अनेकदा बंद असतो. निघण्यापूर्वी भोरला चौकशी करावी.

चाकोरी
पावसातून आल्यावर साखळीची निगा कशी राखता?

मुळशीकर
त्याच रात्री साध्या पाण्याने चिखल काढावा, फडक्याने पूर्ण कोरडी करावी आणि मगच तेल द्यावे. ओल्या साखळीवर तेल दिले, तर आत राहिलेले पाणी गंज धरते.