गिरणीवाल्यांची मुलाखत आणि पाण्याची टाकी

(नारायण पेठेतला सोसायटी ग्रुप)

बी-७ काकू: नातीच्या शाळेत 'गल्लीतलं जुनं दुकान' असा प्रकल्प आहे. काल चौघीजणी कोपऱ्यावरच्या गिरणीत जाऊन आल्या. वहीत काय लिहिलंय बघा: "मालक अधूनमधून दगडाला पाण्याची टाकी लावतात."

ए-३: 😂😂 अगं, टाकी लावणं म्हणजे छिन्नीने दगडाला टोचे मारणं! दगड गुळगुळीत झाला की पीठ तापतं.

सी-१ आजोबा: पूर्वी "जात्याला टाकीऽऽ" ओरडत बायका दारावर यायच्या. पोरींनी ती हाक ऐकलीच नाही, त्यांना काय हसता?

बी-७ काकू: प्रश्नही छापील दिलेत. "ब्रीदवाक्य काय?" गिरणीला कसलं ब्रीदवाक्य! ते म्हणाले, "ज्वारीवर गहू टाकत नाही, हे लिहा."

ए-३: 👌 हे मात्र खरं.

सेक्रेटरी: पानशेतचं विचारलं का?

बी-७ काकू: विचारलं हो, पण रेकॉर्डिंगभर पट्ट्याची घरघर. कुजलेल्या धान्याचा वास महिनाभर जात नव्हता, एवढंच ऐकू येतं.

सी-१ आजोबा: १२ जुलै १९६१. आमच्या वाड्यात जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत पाणी.

ए-३: गेल्या वर्षी पाचवी होती आजोबा 😄

सी-१ आजोबा: थट्टा पुरे. सकाळी पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासलाही. त्यामुळे नळ कोरडे. जुन्या विहिरी नि हौदांवर रांगा. वीज नाही, म्हणजे गिरणी बंद. आईने माळ्यावरचं जातं खाली काढलं, आणि त्याला कित्येक वर्षांत टाकी नाही! भरडच निघायची. तीच खाल्ली.

बी-७ काकू: हे मुलींना सांगाल का?

सी-१ आजोबा: पाठवा की. नव्या पैशांचंही सांगतो. १ एप्रिल १९५७ पासून आणा झाला सव्वासहा पैशांचा. आण्याला सहा द्यायचे की सात, यावरून गिरणीत रोज वाद. आई सहाच द्यायची.

सेक्रेटरी: गिरणीत परत जायचं तर गुरुवारी जा. लाइट गेलेली असते, निवांत बोलतील.

बी-७ काकू: हो, तसंच करते.

ए-३: काकू, जाताच आहात तर आमचा बाजरीचा डबा ठेवाल का तिथे? लाइट आली की दळतील.

बी-७ काकू: ठेवते. झाकणावर नाव लिही, मागच्या वेळी तुझं पीठ आमच्याकडे आलं होतं.