रविवारची यादी : नवीन अल्बम सुचवायचा कसा

ए-३०२ : मंडळी, आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या गाण्यांच्या लिंका रोज येतात, पण सोबत एक ओळसुद्धा नसते. संगीत कुठल्या प्रकारचं, सुरुवात कुठून करायची, काही कळत नाही आणि लिंक न उघडताच वर सरकून जाते. दर आठवड्याला यादी करायची ठरलंच आहे, तर सुचवायचं कसं तेही आत्ताच ठरवू.

सी-७०१ : यादी रविवारी लावा. नवे अल्बम जगभर शुक्रवारी निघतात. १० जुलै २०१५ पासून हा एकच वार झाला, त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवार आणि अमेरिकेत मंगळवार होता. शुक्रवारी सकाळीच सुचवलं तर सुचवणाऱ्यानेही अल्बम पुरता ऐकलेला नसतो. मध्ये दोन दिवस जाऊ द्या, अख्खा अल्बम दोनदा ऐका, मग लिहा. एकदाच ऐकलं की सुरुवातीची दोन-तीन गाणी तेवढी लक्षात राहतात आणि शिफारस त्यांचीच होते.

बी-१०४ : स्पॉटिफाय वापरणाऱ्यांनी एक घोळ टाळावा. ‘रिलीज रडार’ ही ॲपने आपोआप बनवलेली यादी शुक्रवारी बदलते, त्यात तुम्ही ऐकता त्या कलाकारांचं नवीन काम येतं. ‘डिस्कव्हर वीकली’ ही दुसरी यादी सोमवारी बदलते. त्यातली ३० गाणी तुमच्यासाठी नवी असतात, पण निघालेली वीस वर्षांपूर्वीही असू शकतात. ग्रुपवर ‘नवीन’ म्हणून जुनी गाणी येतात ती बहुतेक या दुसऱ्या यादीतून.

डी-५०५ : मग खरोखर नवीन आहे हे ओळखायचं कसं? ॲपमध्ये तर याच वर्षाची तारीख दिसते.

बी-१०४ : काका, ती तारीख त्या आवृत्तीची असते. अल्बमच्या पानावर अगदी तळाशी जा. तिथे गोलातला सी आणि गोलातला पी अशा दोन खुणा असतात. सी म्हणजे मुखपृष्ठ, मजकूर वगैरेचा हक्क. पी म्हणजे ध्वनिमुद्रणाचा. पी-समोर १९७८ लिहिलं असेल तर तारीख काहीही असो, मुद्रण जुनंच आहे. उलट बाजूने मात्र यावर विसंबू नका. रीमास्टर केलेल्या, म्हणजे आवाज नव्याने सुधारलेल्या, जुन्या मुद्रणावर कंपन्या पीचं नवं वर्ष घालतात. शंका आली की म्युझिकब्रेन्झ किंवा डिस्कॉग्ज या संकेतस्थळांवर अल्बमचं नाव शोधा, आधीच्या सगळ्या आवृत्त्या सालासकट सापडतात. आणखी एक सापळा : प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक असतो आणि त्यात वर्षाचे दोन अंक असतात. ते वर्ष क्रमांक दिल्याचं असतं, गाणं मुद्रित झाल्याचं नव्हे. त्यावरून निष्कर्ष काढू नका.

ए-६०३ : पॉप आणि हिपहॉपमध्ये वेगळा गोंधळ असतो. अल्बम येण्याआधी चार-पाच गाणी एकेक करून सुटी काढतात. अल्बम निघतो तेव्हा त्यावर आजची तारीख असते, पण अर्धा माल तीन-चार महिन्यांपूर्वीचा असतो. म्हणून अल्बम उघडल्यावर गाण्यांचे प्ले बघा. एकावर कोटी आणि शेजारच्यावर काही हजार असतील तर कोटीवालं आधी निघालेलं आहे. सुचवायचं ते न ऐकलेल्यांपैकी. पुढे ‘डीलक्स’ आवृत्ती येते, तीच गाणी आणि वर चार जास्तीची, तीही तेवढी चार सांगितली की पुरे. वेग वाढवलेल्या किंवा कमी केलेल्या आवृत्त्या यादीत घेऊच नका, त्यात कलाकाराने नवीन काही केलेलं नसतं.

ए-३०२ : सिंगल, ईपी आणि अल्बम यांचं माप काय? यादीत तसं लिहिलं तर वेळेचा अंदाज येईल.

ए-६०३ : ॲपलचं माप असं. एक ते तीन गाणी आणि प्रत्येक दहा मिनिटांच्या आत, तर सिंगल. चार ते सहा गाणी आणि एकूण ३० मिनिटांच्या आत, तर ईपी. त्यापुढे अल्बम. पण ताई, सरळ मिनिटंच लिहा. ‘ईपी, २२ मिनिटं’ वाचलं की लोक लगेच ऐकतात.

डी-५०५ : आता ख्यालाबद्दल, कारण नुसत्या लिंकेचा सर्वांत मोठा फटका त्यालाच बसतो. अतिविलंबित (अगदी संथ) एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, मिनिटभर चालू शकतं. स्पॉटिफाय ३० सेकंद वाजलं की एक प्ले धरतं आणि आपलेही कान तेवढ्यातच निकाल देऊ लागलेत. ३० सेकंदांत ज्याने एक समसुद्धा (आवर्तनाची पहिली मात्रा) ऐकली नाही तो ‘फार संथ आहे’ म्हणून पुढे जाणार, आणि त्यात त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून ख्याल सुचवताना राग, ताल, बडा ख्याल (संथ भाग) किती मिनिटांचा आणि द्रुत (जलद भाग) कितव्या मिनिटाला सुरू होतो, एवढं लिहायलाच हवं. नवख्या माणसाला द्रुतापासून ऐकायला सांगितलं तरी काही बिघडत नाही. बंदिशीचा मुखडा एकदा कानात बसला की तो परत येऊन विलंबित ऐकतो. यूट्यूबवर असेल तर ‘शेअर’ दाबल्यावर वेळेसमोरच्या चौकटीत खूण करा, लिंक नेमक्या त्या मिनिटाला उघडते.

डी-५०५ : आणि साथीदारांची नावं लिहा. तबला कुणाचा, संवादिनी की सारंगी, तानपुऱ्यावर कोण. नव्या मुद्रणांमध्ये हे बहुधा ॲपमध्ये दिसत नाही, बँडकॅम्प (कलाकार आपलं संगीत थेट विकतात ते संकेतस्थळ) इथल्या पानावर किंवा यूट्यूबच्या वर्णनात असतं.

सी-७०१ : जॅझचंही अगदी तसंच. अल्बम एकाच्या नावावर असतो पण वाजवणारे पाच असतात, आणि आवड बहुतेक त्या पाचांतल्या एखाद्याशी जुळते. ड्रम्सवर कोण आहे हे वाचून अल्बम उघडणारे श्रोते असतात. रचना समजायला एक वाक्य पुरतं : आधी सगळे मिळून धून वाजवतात, मग एकेकाचा सोलो, शेवटी पुन्हा धून. सोलोच्या खाली त्याच धूनच्या कॉर्ड्सची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची, साखळी फिरत असते. धून ३२ बारची (बार म्हणजे मात्रांचा एक छोटा गट) असेल तर दर ३२ बारना एक अशा फेऱ्या मोजता येतात, आणि मोजायला लागलं की सोलो भरकटल्यासारखा वाटत नाही. ‘चौथं गाणं, ३:१० पासून पियानो’ अशी शिफारस मला हवी.

सी-७०१ : पाश्चात्त्य अभिजात संगीतात ‘नवीन’ म्हणजे बहुतेक वेळा दोनशे वर्षं जुन्या रचनेचं नवं मुद्रण. तेव्हा रचनाकार, वाद्यवृंद, संचालक आणि कुठला भाग, ही चारही माहिती द्या. साध्या ॲपमध्ये शोधताना इथेच फसगत होते, कारण तिथली रचना ‘गायक आणि गाणं’ या हिशेबाची आहे. ॲपलने मार्च २०२३ मध्ये क्लासिकलचं वेगळं ॲप काढलं ते यासाठीच. हायपेरियन या लेबलची (लेबल म्हणजे संगीत काढणारी कंपनी) मुद्रणं तर जुलै २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर नव्हतीच. ती आता हळूहळू आली आहेत, म्हणून त्यांची तारीख बघताना बी-१०४ यांनी सांगितलेली पीची खूण जरूर बघा.

ऐकताना क्रॉसफेड (एक गाणं विरत असतानाच पुढचं सुरू करणारी सोय) शून्यावर ठेवा आणि शफल बंद. दोन भाग सलग जोडलेले असतात, क्रॉसफेडने त्यांचा सांधा विरघळतो. आवाज सगळ्यात मोठ्या प्रसंगाला जुळवून ठेवा. सुरुवातीच्या हळू भागाला जुळवला तर पाचव्या मिनिटाला दचकून बंद कराल.

ई-२०१ : मेटल सुचवताना ‘मेटल’ एवढंच लिहू नका. डूम मेटल मिनिटाला ६०-७० ठोक्यांच्या लयीत सरकतं, ब्लॅक किंवा डेथ मेटलमध्ये ड्रम्स २००च्या वर जातात. एक आवडणाऱ्याला दुसरं आवडेलच असं मुळीच नाही. उपप्रकार कळत नसेल तर मेटल आर्काइव्ह्ज या संकेतस्थळावर बँडचं नाव टाका, प्रत्येक बँडपुढे उपप्रकार, सदस्य आणि आधीचे अल्बम असतात. गायकी गुरगुरण्याची आहे की स्वरात, हे पहिल्या ओळीत सांगा. बरेच जण त्यावरच ठरवतात आणि ते रास्त आहे. शिवाय पहिला ट्रॅक हा बहुतेक वेळा दीड-दोन मिनिटांचा वातावरणनिर्मितीचा तुकडा असतो. सुरुवात दुसऱ्यापासून सुचवा.

ए-६०३ : इलेक्ट्रॉनिकमध्ये ‘एक्स्टेंडेड मिक्स’ आणि ‘रेडिओ एडिट’ दोन्ही निघतात. एक्स्टेंडेडच्या सुरुवातीला आणि शेवटाला मिनिटभर किंवा जास्त नुसता ठेका असतो, कारण डीजेला आधीच्या गाण्याच्या लयीशी तो जुळवून घ्यायचा असतो. घरी ऐकणाऱ्याला हे माहीत नसेल तर गाणं रिकामं वाटतं. त्याला रेडिओ एडिट द्या. हाऊस १२०-१३०च्या लयीत असतं, ड्रम अँड बेस १७०-१७५च्या आसपास. लय लिहिली की व्यायामाला लावायचं की काम करताना, ते ज्याचं त्याला कळतं.

हिपहॉपसाठी विशेष विनंती : हा सगळ्यांचा ग्रुप आहे, लहान मुलंही घरच्यांच्या फोनवर ऐकतात. गाण्यापुढे चौकटीत ‘ई’ असेल तर शब्द उघडे-वाघडे आहेत. अनेक अल्बमची शिव्या गाळलेली आवृत्ती वेगळी निघते, तिची लिंक वेगळी असते. ती शोधून टाका, नाहीतर ‘ई’ आहे असं स्पष्ट लिहा.

बी-१०४ : आता कशावर ऐकायचं. फोनच्या स्पीकरवर खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला वाजते. फोनवर तिचे वरचे अंश तेवढे ऐकू येतात, मूळ स्वर हरवतो. डग्ग्याची घुमक, इलेक्ट्रॉनिकमधला बेस, डबल बेस, सगळ्यांचं तेच. या प्रकारांची शिफारस करताना ‘हेडफोन लावा’ लिहा आणि स्वतःही हेडफोन लावूनच ठरवा.

‘लॉसलेस’ची (आवाजाचा तपशील न गमावता साठवलेल्या गाण्याची) खूण बघून ब्लूटूथ हेडफोनवर फरक शोधू नका. साध्या ब्लूटूथवरून जाताना आवाजातला काही तपशील गाळून तो लहान केला जातो. फरक ऐकायचा तर वायर हवी. ॲपल म्युझिकवर ॲटमॉस (आवाज चहूबाजूंनी येतो असा भास देणारी सोय) चालू असेल तर तो मुळात वेगळा मिक्स आहे, त्यात गायकाचा आवाज मागे गेल्यासारखा वाटू शकतो. एकाने ॲटमॉस ऐकायचा, दुसऱ्याने स्टीरिओ आणि मग वाद घालायचा, याला अर्थ नाही.

ई-२०१ : आवाज समान करण्याची सोय, म्हणजे नॉर्मलायझेशन, तपासताना चालू ठेवा. स्पॉटिफाय सगळं उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास आणतं. ही सोय बंद असेल तर जास्त दाबून मास्टर केलेला, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी केलेला, अल्बम मोठा वाजतो, आणि मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो. समान आवाजावर ऐकलं की कशात जीव आहे ते कळतं.

जी-१०१ : एक अडचण. सगळ्यांनी दिलेलं ऐकायचं म्हटलं तर माझ्या ॲपच्या शिफारशी बिघडतील ना?

बी-१०४ : बिघडतात, मावशी. उपाय आहे. स्पॉटिफायवर ‘तपासणी’ नावाची एक प्लेलिस्ट करा, तिच्या तीन टिंबांत ‘टेस्ट प्रोफाइल’मधून (तुमच्या आवडीच्या नोंदीतून) वगळण्याचा पर्याय आहे तो निवडा. ग्रुपवरचं गाणं आधी त्या यादीत टाकायचं, मग तिथूनच वाजवायचं. थेट लिंकेवरून वाजवलं तर ते हिशेबात धरलं जातं. यूट्यूबवर इतिहास थोडा वेळ थांबवून ठेवता येतो.

जी-१०१ : आणि ज्यांच्याकडे स्पॉटिफाय नाही, त्यांनी त्याच्या लिंका कशा ऐकायच्या?

ए-६०३ : मावशी, ओडेसली हे संकेतस्थळ वापरा. कुठल्याही एका सेवेची लिंक तिथे टाकली की सगळ्या सेवांच्या लिंकांचं एक पान तयार होतं. सुचवणाऱ्यानेच ते पान टाकावं, म्हणजे बाकीच्यांचे कष्ट वाचतात. क्वचित ते त्याच नावाचं भलतं गाणं जोडतं, म्हणून टाकण्याआधी प्रत्येक लिंकेवर कलाकार आणि मिनिटं जुळतात का ते बघा.

डी-५०५ : नावावरून आठवलं. कलाकाराच्या पानावर भलत्याचाच अल्बम दिसतो तो का?

बी-१०४ : सारख्या नावामुळे. वितरक अल्बम पाठवतो तेव्हा तो चुकीच्या पानाला जोडला जातो आणि रिलीज रडार तो तुमच्यापर्यंत आणतं. भाषा, लेबल, वाद्यमेळ एकदम बदललेला दिसला तर कलाकाराच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा बँडकॅम्पवर तो अल्बम आहे का ते पाहा. नसेल तर थांबा. यंत्राने बनवलेलं संगीतही असंच घुसतं. काही आठवड्यांत चार-पाच अल्बम, वादकांची नावं कुठेच नाहीत, मैफलीचा मागमूस नाही, असं दिसलं तर यादीत घेऊ नका. डीझर ही सेवा जून २०२५ पासून असे अल्बम खूण करून दाखवते, तिथे पडताळता येतं.

सी-७०१ : शोधायचं कुठे तेही सांगते. आवडलेल्या पाच अल्बमचं लेबल बघा आणि कलाकारापेक्षा लेबलच्या मागावर राहा. ईसीएम हे लेबल १९६९ पासून एकाच निर्मात्याच्या कानाने निवडलेलं संगीत काढतंय, त्यातलं एक आवडलं तर दुसरं आवडण्याची शक्यता मोठी. स्पॉटिफायच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘लेबल’, लगेच अपूर्णविराम आणि अवतरणचिन्हांत लेबलचं नाव, असं टाइप करा. मध्ये जागा सोडायची नाही. त्याच रीतीने ‘टॅग’, अपूर्णविराम, ‘न्यू’ टाकलं की गेल्या दोन आठवड्यांतले अल्बम येतात. लिसनब्रेन्झ या संकेतस्थळावर ‘फ्रेश रिलीजेस’ नावाचं पान आहे, ते तारखेनुसार लावलेलं असतं आणि जाहिरातीचा दबाव त्यावर नाही. जगभरच्या लोकसंगीतासाठी साँगलाइन्स, जॅझसाठी डाउनबीट, अभिजातसाठी ग्रामोफोन ही मासिकं वाचा.

ई-२०१ : आवडलं तर बँडकॅम्पवर विकत घ्या हेही लिहू. तिथे डिजिटल विक्रीतले १५ टक्के बँडकॅम्प ठेवतं, आणि ‘बँडकॅम्प फ्रायडे’च्या दिवशी तेही सोडतं. फ्लॅक म्हणजे लॉसलेस फाइल मिळते, कायमची आपली. ती ग्रुपवर मात्र टाकायची नाही, फक्त पानाची लिंक.

ए-३०२ : ठरलं तर. रविवारी संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने जास्तीत जास्त दोन. क्रम असा : कलाकार, अल्बम, लेबल, प्रकार आणि उपप्रकार, एकूण मिनिटं, सुरुवात कुठल्या ट्रॅकच्या कितव्या मिनिटापासून, त्यात काय ऐकायचं ते एका वाक्यात, हेडफोन हवेत का, ‘ई’ आहे का, मग ओडेसलीची लिंक. जुन्याची नवी आवृत्ती असेल तर मूळ साल. हा संदेश मी पिन करतेय. पिन जास्तीत जास्त ३० दिवस राहतं, त्यानंतर पुन्हा लावीन.

डी-५०५ : ‘कुणाला आवडणार नाही’ हेही एका ओळीत असू दे. त्याने माणसाचा तास वाचतो.

ए-३०२ : घातलं, काका.