शब्दचर्चा: फ्लाय लाइनचं 'हेड' मोठं, जड की भारी?

विचारणा: नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय. आम्ही तिघं-चौघं मासेमारीच्या दोन हातांनी धरायच्या रॉडवर (गळाच्या काठीवर) स्पे कास्टिंग, म्हणजे लाइन (गळाची दोरी) फेकायची एक पद्धत, शिकून राहिलो. काठावर मागे बाभळी असल्या की लाइन मागे फेकता येत नाही, म्हणून तिचं टोक पाण्यावर टेकवायचं, मागे डी अक्षरासारखी कमान करायची अन् तिथूनच पुढे सोडायचं. नवीन पोरांसाठी मराठीत टिपण लिहायला घेतलं. लाइनच्या पुढच्या जाड भागाला 'हेड' म्हणतात, वजन ग्रेन या इंग्रजी मापात. 'शीर्षभार' लिहू का? अन् 'मोठं हेड' चालेल काय?

उत्तर: भाऊ, शीर्षभार नका लिहू, वाचणाऱ्याला रॉडच्या शेंड्याचं वजन वाटेल. हेडच ठेवा. पण 'मोठं' मात्र काढाच, सगळा घोळ तिथंच होते. हेडचे दोन प्रकार घ्या, स्कॅजिट अन् स्कँडी. स्कॅजिट हेड आखूड राहते, 20 ते 25 फूट, पण जड. स्कँडी त्याच रॉडवर 30-40 फुटांचं, अन् वजनाला साधारण 40-60 ग्रेननं कमी. मग मोठं कोणतं? वजनाला जड-हलकं, लांबीला लांब-आखूड, बस. 'भारी'ही नको, आपल्याकडे 'भारी हेड' म्हणजे झकास हेड.

उत्तर: सहमत. रॉड अन् लाइनचा नुसता 'नंबर' (वजनाचा गट)ही लिहू नका. एका हाताच्या 7 नंबर लाइनचं पहिल्या 30 फुटांचं वजन 185 ग्रेन धरतात, दोन हातांच्या 7 नंबर रॉडला स्कॅजिट हेड 500 ग्रेनच्या आसपास लागते, नंबर तोच अन् वजन अडीचपटीच्या वर. माशीला (गळाला लावायच्या नकली किड्याला) जवळपास वजनच नसते, रॉड वाकते ती लाइनच्या वजनानं, म्हणून हलकं हेड लावलं तर रॉड वाकतच नाही अन् लांबी रॉडला झेपेल त्याहून जास्त झाली तर लाइन पाण्याला चिकटून बसते, उचलल्या जात नाही. दोन वेगळे दोष आहेत, शब्दही वेगळेच पाहिजेत. आणि स्कॅजिटचं वजन बहुतेक वेळा हेडच्या पुढे जोडायच्या बुडणाऱ्या तुकड्याशिवाय, म्हणजे टिपशिवाय दिलेलं असते, टिपणात 'टिप सोडून' हे लिहाच.

उत्तर: ग्रेनसाठी जुनं माप आहे ना आपल्याकडे! इंग्रज काळातला तोळा बरोबर 180 ग्रेनचा, म्हणजे 96 गुंजा. 540 ग्रेनचं हेड तीन तोळे झालं. इतवारीच्या सराफा ओळीत वावरलेल्या माणसाला तीन तोळे म्हटलं की लगेच हाताला अंदाज येतो.

उत्तर: काका, हिशोब आवडला, पण आता सराफ तोळा 10 ग्रॅमचाच धरतात, तीन तोळ्यांचे 30 ग्रॅम होतील अन् 540 ग्रेन म्हणजे 35 ग्रॅम. एवढ्या फरकात रॉड वेगळी वागते. समजावताना तोळा सांगा, लिहिताना ग्रेन अन् ग्रॅम.

विचारणाऱ्याकडून: सगळ्यांचे मनापासून आभार. असं लिहितो: 'स्कॅजिट हेड, 540 ग्रेन (35 ग्रॅम), टिप सोडून, लांबी 23 फूट.' अँकरला (लाइनचं टोक पाण्यावर टेकते त्याला) 'टेकू' लिहिलंय, बरोबर आहे?

उत्तर: टेकू खालून आधार देतो, इथं पाणी लाइन धरून ठेवते. 'पकड' लिहा. स्कॅजिटमध्ये पकड टिकून राहते, स्कँडीत नुसती टेकून सुटते, हेही त्याच शब्दानं सांगता येईल.