मदत हवी: तीन मीटरच्या बोगद्याला जॅकलेग (माणसाने धरायचं, हवेवर चालणारं ड्रिल) की सिंगल बूम जम्बो (गाडीवरच्या एका यांत्रिक हाताला बसवलेलं ड्रिल)?

नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यात डोंगरापलीकडचं पाणी अलीकडे आणायला 320 मीटरचा बोगदा आहे, त्याचं खोदकाम आमच्याकडे उपठेक्यावर आलंय. डी आकार, रुंदी 3 मीटर, उंचीही तेवढीच. आजवर विहिरी नि रस्त्याची कटिंग केली, बोगदा पहिलाच.

दोन्ही तोंडांशी 15-20 मीटर जांभा, मग काळा कातळ. बोअरच्या नमुन्यात दोन जागी गेरूसारखा तांबडा पट्टा आहे, तिथं पाणीही लागलं.

भागीदार म्हणतो, जम्बो भाड्याने आणू. रत्नागिरीजवळच्या करबुडे बोगद्याचं उदाहरण देतो: कोकण रेल्वेने स्वीडनची हायड्रॉलिक यंत्रं आणली होती. अरे, पण ती रेल्वे, तो साडेसहा किलोमीटरचा बोगदा! आमचा लो-बेड ट्रेलर आंबा घाट उतरून पुढे चार किलोमीटर कच्च्या वाटेने जायचा. मला दोन जॅकलेग बरे वाटतात. फक्त कॉम्प्रेसरची धास्ती आहे. मागे भाड्याने घेतलेल्याच्या पाटीवर 300 सीएफएम (मिनिटाला 300 घनफूट हवा), आणि जॅकहॅमर दमेकऱ्यासारखा खोकत होता. पावसाआधी सहा महिने हातात आहेत. काय करू?

उत्तर: जॅकलेगच घ्या. एवढ्याशा तोंडात जम्बो ड्रिलिंग झटपट उरकेल, पण सुरुंग भरणं, धूर जाणं, मलबा काढणं होईपर्यंत बाहेर उभा. भाडं मात्र चालू.

34 मिमीची साधारण 38 छिद्रं, रोज एक ब्लास्ट, दीड मीटर पुढे. म्हणजे एका तोंडाने सहा महिन्यांत 270 मीटर. दोन्ही तोंडं उघडा. जांभ्यात ड्रिल नकोच, ब्रेकर लावा आणि लगेच आधार द्या. तांबड्या पट्ट्यात बिटची (ड्रिलच्या टोकाची) पाण्याची भोकं चिखलाने बुजतात; रेटू नका, रॉड मागेपुढे करत पाणी खेळतं ठेवा.

कॉम्प्रेसरची पाटी वाचू नका. मशीन चालू असताना फेसजवळ (खोदायच्या भिंतीजवळ) गेज लावा, तिथं 6 बार मिळाले तर खरं. पाण्याचा दाब हवेपेक्षा बारभर कमी ठेवा, नाहीतर पाणी मशीनमध्ये शिरतं. आणि पाण्याशिवाय ड्रिल मारू देऊ नका, पोरांच्या छातीत धूळ जाते.

धागाकर्ता: आभारी आहे, दादा. पण पलीकडे नुसती पायवाट. जॅकलेग दोघं खांद्यावर नेतील, कॉम्प्रेसर कसा न्यायचा?

उत्तर: नेऊच नका. अलीकडेच ठेवा, डोंगरावरून 4 इंची लोखंडी लाइन टाका. प्रत्येक खोलगट जागी साचलेलं पाणी सोडायला तोटी तेवढी बसवा.